पितराचं पान

आखाजीच्या सकाळी जानरावांनी चहा नको म्हटलं, तिथेच ललिताबाईंच्या लक्षात यायला हवं होतं. बिनसाखरेचा का होईना, कपभर चहा पोटात गेल्याशिवाय हा माणूस बाजेवरून पाय खाली टाकत नसे. त्या दिवशी मात्र कप हाताने मागे सारला आणि म्हणाले, "आज राहू दे वं. दुपारी जेवाचंच हाये."

"दुपारी कुठं जेवाचं हाये ते मालूम हाये मले," ललिताबाई म्हणाल्या. "अर्धी भाकर तरी खाऊन जा."

"पितर भरल्या पोटानं बसते काय कुठं?"

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण ते मागच्या पाच आखाज्यांना बोलून झालं होतं.

केनवडात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात आणि त्याच्या जागी भावकीतला एक जण पाटावर बसवतात. त्याने खाल्लेलं गेलेल्याला पोचतं. पुंजाजी गेले तेव्हापासून त्यांच्या पाटावर त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे जानराव, बसत आले होते. पुंजाजींना आमरस आवडायचा, आणि आवडायचा हा शब्दही तोकडाच आहे. तेव्हा पितराच्या पानात रस असायचाच, आणि तो पुंजाजींच्या मापाने. पुंजाजींची बायको विजयमालाबाई पळी घेऊन शेजारी बसत. वाटीचा तळ दिसला की भरत. जानराव मान खाली घालून ओढत राहत. पाच वाट्या, सहा वाट्या, गेल्या वर्षी सात.

सातव्या वाटीनंतर त्यांची साखर तीनशे ऐंशीवर गेली ती आठ-दहा दिवस खाली आलीच नाही. त्यातच हळदीच्या वावरात उजव्या अंगठ्याला खुंट लागला. एवढीशी जखम, पण भरायला चार महिने लागले. पुंजाजींचंही बरोबर तिथूनच सुरू झालं होतं. आधी त्यांचा अंगठा गेला, मग पाऊल, मग ते स्वतः.

त्या चार महिन्यांत ललिताबाईंनी घराची सूत्रं हातात घेतली. साखरेचा डबा माळ्यावर गेला. ज्वारीची भाकर, आंबाडी नाहीतर मेथीची भाजी, मुगाचं वरण, दुपारी पातळ ताक, आणि बंडीच्या खिशात मूठभर फुटाणे. जानरावांनी गूळ चालतो का ते विचारून पाहिलं. मध चालतो का तेही विचारलं. उसाचा रस तर झाडाचाच असतो, असाही मुद्दा मांडला. ललिताबाईंनी तिन्हींची वासलात एकाच नजरेत लावली. चौकातल्या चहावाल्या लिलाबाईंना त्या स्वतः जाऊन सांगून आल्या, "माह्या मानसाच्या कपात साकर पडली तं तुह्या दुकानासमोर उपोषनाले बसीन." केनवडात उपोषणाला बसणारे पुष्कळ होते, पण लिलाबाईंनी हे मात्र खरं मानलं. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा नऊ पूर्णांक चारवरून सातवर आला. तो कागद ललिताबाईंनी देव्हाऱ्यात ठेवला होता.

आणि आता पुन्हा आखाजी आली होती.

*

जानरावांनी आपल्यापुरता यातून रस्ता काढला होता. बायकोला साखरेच्या मशीनमध्ये आकडा कमी पाहिजे. वहिनीला वाटी रिकामी पाहिजे. अडुसष्ट वर्षांच्या माणसाने दोन बायकांपैकी एकीलाही न दुखवायचं ठरवलं, की त्याला असं डोकं चालवावं लागतं. एक गोळी एवढी साखर ओढते, तर दोन गोळ्या दुप्पट ओढतील. आणि पोट रिकामं ठेवलं तर रसाला जागाही होईल आणि हिशेबही बसेल. गोठ्याकडे जातो म्हणून त्यांनी सकाळीच पाकिटातल्या दोन गोळ्या काढल्या आणि रांजणातल्या पाण्याबरोबर गिळल्या. त्यांना स्वतःच्या हुशारीचं हसूही आलं.

नाही म्हणून टाकणं हा सोपा रस्ता होता. पण विजयमाला वहिनीला नाही म्हणणं त्यांना जमत नव्हतं, आणि का जमत नव्हतं ते त्यांनी ललितालाही कधी सांगितलं नव्हतं.

*

विजयमालाबाईंचं घर अंगणाच्या पलीकडे. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा मध्ये भिंत घालायचं ठरलं होतं, विटाही येऊन पडल्या होत्या. त्या विटांचा पुढे गोठ्याचा ओटा झाला आणि अंगण एकच राहिलं.

अकरा वाजता सगळं तयार होतं. पाटासमोर पाण्याची लाल घागर, पळसाची पत्रावळ, तळलेल्या कुरड्या, भजी, पोळ्या, आणि ओल्या फडक्याखाली झाकलेलं बदाम आंब्याच्या रसाचं पातेलं. मुलगा तेवढा यायचा होता. हरीओम पुण्याहून निघाला होता, पण त्याची ट्रॅव्हल्स मेहकरच्या अलीकडे टायर फुटून उभी राहिली. तिथून मिळेल त्या जीपने तो रिसोडला पोचणार होता आणि जानरावांचा विकास मोटारसायकल घेऊन त्याला आणायला गेला होता. मुलाने घागरीची पूजा करून चुलीतल्या निखाऱ्यावर पहिला घास टाकायचा. तोवर पातेल्यावरचं फडकं निघायचं नाही, आणि पितरानेही उपाशीच बसायचं.

"भाऊजी, तुमी बसून घ्या पाटावर," विजयमालाबाई म्हणाल्या. "हरी येतेच एवढ्यात."

जानराव बसले. साडेबारा झाले, एक वाजला.

चुलीपाशी ललिताबाई दुसऱ्या घाण्याच्या कुरड्या तळत होत्या. शेजारी त्यांची सून निकिता कांदा चिरत होती. "जाऊबाई," ललिताबाई म्हणाल्या, "एक बोलू काय?"

"बोल ना."

"औंदा एकच वाटी वाढा."

विजयमालाबाईंचा पोळपाट पुसणारा हात थांबला. "पितराले मोजून वाढू?"

"पितराले नाई म्हनत मी. माह्या मानसाले म्हनतो."

"वर्सातून एक दिवस येते तो माह्या घरी."

"त्या एका दिवसाचे चार मयने भोगले आमी. रोज त्या पायाले मलम मी लावलं जाऊबाई, तुमी नाई."

"मी नाई लावलं काय कोनाच्या पायाले?" विजयमालाबाई म्हणाल्या.

कढईत कुरडई फुलून वर आली. ती काढायचं ललिताबाईंना सुचलं नाही, आणि ती करपली.

निकिताने मध्ये पडायचा प्रयत्न केला. "मोठ्या आई, असं करू ना. रस अर्धी वाटी, आन वरून ताक. पितरायले काय, तुमच्या हातचं पोचलं म्हंजे झालं."

"तू गप. तुह्या त्या मशीनचं राज तुह्या घरात. माह्या घरात मी मेलेल्या मानसाले उपाशी नाई ठेवाची."

निकिता पुन्हा कांदा चिरायला लागली, म्हणजे तिला पटलं असं नव्हे. ती धनजची. माहेरी वडलांना इन्सुलिन होतं आणि बारावीत असल्यापासून त्यांच्या बोटाला सुई तीच टोचत आली होती. या घरात साखर या विषयावर सगळ्यात कमी बोलणारी आणि सगळ्यात जास्त पाहिलेली तीच होती. आपण कोणाच्या बाजूने आहोत, हे मात्र तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. सासूचं बरोबर होतं. आणि मोठ्या आईचा चेहरा पाहिला की सासूचं बरोबर आहे असं म्हणवत नव्हतं.

*

विजयमालाबाईंना ती आखाजी तारखेसकट आठवत होती.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, रस बंद म्हणजे बंद. पाऊल काढून सहा आठवडे झाले होते. घर पाहुण्यांनी भरलेलं, पातेलंभर रस काढलेला, आणि पुंजाजी मधल्या खोलीत खाटेवर. तिथून पंगतीतल्या वाट्यांचा आवाज येत होता. त्यांनी हाक मारली, "हरीच्या माय, मले रस काहून नाई देऊन राह्यली?"

"तुमाले चालत नाई," त्या म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा विजयमालाबाई जरा चिडूनच बोलल्या, कारण दारात पाहुणे उभे होते. पुंजाजींनी भिंतीकडे तोंड केलं. पंधरा दिवसांनी ते गेले. त्या वाटीने काय झालं असतं, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या घरात पाहुण्यासारखा येत नव्हता, राहायलाच आला होता. म्हणून आखाजीला त्या पळी खाली ठेवत नसत.

"कवा येते तो पोट्टा?" जानराव पाटावरून ओरडले.

तिघीही दचकल्या. जानराव कधी आवाज चढवून बोलत नसत. वाटण्यांच्या वेळीही चढवला नव्हता.

"येऊन राह्यला भाऊजी. रिसोड सोडलं म्हने."

"सारे मले बसवून ठेवून राह्यले," जानराव पुटपुटले. त्यांनी समोरच्या पत्रावळीचं एक पान ओढलं आणि त्याच्या चिंध्या करू लागले. कपाळावरून घाम ओघळत होता. पण एप्रिलची दुपार, पत्र्याचं छत आणि शेजारी चूल. घाम कोणाला नव्हता?

मग त्यांनी मान वर केली आणि विजयमालाबाईंकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे डोळे तिकडे होते. "हरीच्या माय," ते म्हणाले, जड जिभेने, "मले रस काहून नाई देऊन राह्यली?"

विजयमालाबाईंच्या हातातलं लाटणं खाली पडलं.

दिराने भावजयीला अशी हाक कधी मारली नव्हती, मारणारही नव्हता. पाटावर बसलेला माणूस आज जानराव नव्हताच. त्यांच्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटली नाही. आनंद झाला. सहा वर्षांनी त्याने पुन्हा विचारलं होतं.

"देतो अजी," त्या म्हणाल्या. "आता देतो."

त्यांनी पातेल्यावरचं फडकं काढून फेकलं. पोराने पूजा केली नव्हती, निखाऱ्यावर घास पडला नव्हता. पळी बुडवली, वाटी भरली आणि त्या पाटाकडे धावल्या.

ललिताबाईंनी मधेच त्यांचा हात धरला. "काय करून राह्यल्या जाऊबाई! साकर चढली ह्यायची. पाह्यत नाई काय, भ्रम झाला! गेल्या साली असेच बडबडत होते."

"सोड मले. तुह्या नवऱ्याले नाई देऊन राह्यली मी."

"माह्याच नवऱ्याचं तोंड हाये ते!" ललिताबाईंनी वाटीला फटका मारला. रस घागरीवर, जमिनीवर, दोघींच्या लुगड्यांवर उडाला. "निकिता, मेथीचं पानी आन घरून. पळ!"

निकिता पळाली, पण मेथीच्या पाण्यासाठी नाही. सासऱ्यांचा हात तिने ओझरता धरून पाहिला होता. तो थंडगार होता आणि भिजलेला होता. धनजच्या घरी तिने असा हात एकदा धरला होता, वडील इन्सुलिन घेऊन न जेवता बाजारात गेले होते तेव्हा. ती अंगण ओलांडून घरात शिरली, फडताळातून मशीन काढलं. शेजारीच गोळ्यांचं पाकीट होतं. काल रात्री तिनेच पाहिलं होतं, आठ उरल्या होत्या. आता सहा होत्या.

ती परत आली तेव्हा विजयमालाबाईंनी दुसरी वाटी भरली होती आणि ललिताबाई नवऱ्यापुढे हात पसरून उभ्या होत्या, वाट अडवल्यासारख्या. जानराव भिंतीला कलले होते. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. निकिताने बोट पुसलं, टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. मशीनला लागतात ते पाच सेकंद निकिता मनात मोजत राहिली.

"अठ्ठेचाळीस," निकिता म्हणाली.

"चारशे अठ्ठेचाळीस?" ललिताबाई किंचाळल्या.

"नुसते अठ्ठेचाळीस! साकर उतरली आई, चढली नाई. गोळ्या दोन घेतल्या मामाजीनं, पोटात कायी नाई. रस द्या. लवकर द्या, शुद्धीत हायेत तवर!"

ललिताबाईंना ते कळायला क्षण लागला. वर्षभर त्यांनी या माणसाच्या तोंडाला गोड लागू दिलं नव्हतं. चहावालीशी भांडण घेतलं, लग्नाच्या पंगतीत त्याच्या पानातली जिलबी चारचौघांत उचलली, आणि आता. त्यांनी जावेच्या हातातली वाटी घेतली. घेतली म्हणजे हिसकावली नाही, विजयमालाबाईंनीच ती पुढे केली होती. ललिताबाई खाली बसल्या, नवऱ्याची मान मांडीवर घेतली, आणि चमच्याने रस त्यांच्या ओठांशी नेला.

"घ्या," त्या म्हणाल्या. "घ्या ना अजी. मी देतो, घ्या."

पहिला चमचा हनुवटीवरून ओघळला. दुसरा गिळला गेला, मग तिसराही. विजयमालाबाई वाटी धरून बसल्या. एक भरवत होती, एक धरत होती. निकिता फोनवर रिसोडच्या डॉक्टरांशी बोलत होती आणि मधूनमधून म्हणत होती, "हो, गिळून राह्यले. हो, बसते केले."

*

पंधरा मिनिटांनी मशीनने ब्याण्णव दाखवले आणि जानराव जानरावांसारखे दिसू लागले. त्यांनी आधी आपल्या भिजलेल्या बंडीकडे पाहिलं, मग जमिनीवरच्या रसाकडे. "हरी आला काय?" ते म्हणाले. "मी जेवलो काय?"

"गोळ्या किती घेतल्या?" ललिताबाईंनी विचारलं.

जानरावांनी निकिताकडे पाहिलं. तिने मान वळवली.

"दोन," ते म्हणाले. "वाटलं, तुह्या मशीनलेबी बरं वाटन, वयनीलेबी बरं वाटन."

"आन माह्या जिवाले?" ललिताबाई म्हणाल्या. इतकं भांडण पोटात होतं की त्यातलं कुठलं आधी काढावं ते कळेना. त्या नुसत्या त्यांचा गार हात चोळत राहिल्या.

विजयमालाबाई चुलीपाशी जाऊन बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "भाऊजी, मघा तुमी बोलले, का ते बोलले?"

"काय बोललो मी?"

"मले रस काहून नाई देऊन राह्यली म्हनले. हरीच्या माय म्हनले."

जानरावांनी डोळे मिटले. त्यांना आठवत नव्हतं, पण ते शब्द कुठून आले असतील हे ठाऊक होतं. या क्षणी हो म्हटलं असतं, दादाच बोलला वहिनी, असं म्हटलं असतं, तर ती जन्मभर सुखात राहिली असती. दोघींना खूश ठेवायचा एक प्रयोग मात्र सकाळीच करून झाला होता.

"मीच बोललो असीन," ते म्हणाले. "त्या आखाजीले मी दारात उभा होतो वयनी. दादानं तीनदा इचारलं, तुमी तीनदा नाई म्हनलं. मी आयकलं सारं. मले वाटलं, अंदर जावं आन चमचाभर देऊन यावं. नाई गेलो. भेलो मी, तुमाले आन डॉक्टरले बी. सहा वर्स माह्या कानात तेच हाये. म्हनून बसतो तुमच्या पाटावर. तुमच्या वाटीले नाई म्हनाचं तोंड नाई मले."

ललिताबाई नवऱ्याकडे वळल्या. वर्षानुवर्षं त्यांना वाटत आलं होतं की या माणसाला जीभ आवरत नाही. "मले काहून नाई सांगतलं?" त्या म्हणाल्या.

"काय सांगू? माह्यानं भावाले चमचाभर रस देनं झालं नाई, असं?"

विजयमालाबाई पदराला लागलेला रस बोटाने खरवडत होत्या. म्हणजे तो नव्हता. तो आलाच नव्हता. सहा वर्षं आपण नवऱ्याला जेवू घालतो आहोत असं समजत होतो, आणि ज्याला खरोखर भरवत होतो तो दीर आज आपल्या पाटावर मेला असता.

बाहेर मोटारसायकल थांबली. हरीओम पाठीवरची पिशवी न काढताच आत आला, मागोमाग विकास. दोघांनी जमिनीवरचा रस, उघडं पातेलं, घामेजलेले जानराव पाहिले. निकिताने चार वाक्यांत सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, नुसत्या गोडावर ठेवू नका, या गोळीचा अंमल बराच वेळ राहतो, साखर पुन्हा उतरू शकते. भाकर-भाजीचं धड जेवण आत्ताच द्या, तासातासाला तपासा, आणि जेवले की दवाखान्यात घेऊन या, रात्रभर ठेवून पाहू.

"मी गाडी पाह्यतो," विकास म्हणाला आणि आल्या पावली बाहेर पडला.

हरीओम आईजवळ बसला. "काकाले घरी नेऊ दे माय. पितर औंदा राहू दे. रसबी उष्टा झाला."

"नाई," जानराव म्हणाले. "बसलो हाय तं जेवून उठीन. पन वयनी, मी माह्या घरी खातो तेच खाईन. आज सांगून टाकतो."

ललिताबाईंनी जावेकडे पाहिलं. आता काय ऐकावं लागणार, याची त्यांना कल्पना होती. मेलेल्या माणसाला ज्वारीची भाकर वाढायची का, सणाच्या दिवशी? मोजून वाढायची का?

विजयमालाबाई उठल्या. "ललिते," म्हणाल्या, "तुह्या घरी जवारीचं पीठ हाये काय? माह्या घरचं सरलं."

"हाये."

"आन वाटीभर. आन आंबाडीची भाजी असन तं तेबी."

पीठ आलं. विजयमालाबाईंनी परात पुढे ओढली आणि मळायला घेतलं, ललिताबाईंनी तवा ठेवला. एक थापत होती, दुसरी शेकत होती. हरीओमने घागरीची पूजा केली आणि पहिल्या भाकरीचा तुकडा निखाऱ्यावर टाकला. भाकरीचा खरपूस वास घरभर पसरला.

"हरीच्या बापाले दोन वर्स हेच वाढलं मी," विजयमालाबाई परातीकडे पाहत म्हणाल्या, कोणाला उद्देशून नव्हे. "जवारीची भाकर, आंबाडी, मुगाचं वरन. बिनसाकरेचा चहा. अवघ्या जन्मात ज्यानं पोळीबिगर घास नाई घेतला, त्यानं दोन वर्स माह्या हातची भाकर खाल्ली. एक दिवस ताट सरकवलं नाई. म्हनायचे, तू केलं ना, मग गोडच लागते. ते सातशे दिवस मले आठोतच नाईत, ललिते. तो एकच दिवस आठोते."

ललिताबाईंनी तव्यावरची भाकर उलटली. "मले बी असंच म्हनतात हे," त्या म्हणाल्या. "मले वाटे, थट्टा करते माही."

नवी पत्रावळ मांडली. एक भाकर, आंबाडीची भाजी, वरण, कांदा, ताक, आणि चवीपुरता रस वाटीच्या तळाशी, तीन चमचे भरतील एवढा. तोही निकिताने मशीन पाहून हो म्हटलं तेव्हा. जानराव सावकाश जेवले. घरातले सगळे भोवती बसून त्यांच्या प्रत्येक घासाकडे पाहत होते, एरवी पितराकडे कोणी असं पाहत नाही. भाकर संपली, ताक संपलं. शेवटी त्यांनी वाटी उचलली आणि तीन चमचे रस तोंडात घोळवत खाल्ला.

वाटीचा तळ दिसताच विजयमालाबाईंचा हात आपसूक पळीकडे गेला. पळी पातेल्यात बुडली, भरून वर आली.

जानरावांनी वाटीवर तळहात झाकला.

"पुरे, वयनी," ते म्हणाले. "पोट भरलं."

पळी हवेत थांबली. विजयमालाबाईंनी दिराकडे पाहिलं, मग घागरीकडे. "तुमचं का त्यायचं?"

जानरावांनी हात वाटीवरच ठेवला. "माहं तं भरलं," ते म्हणाले. "आन दादाचं मले मालूम नाई, मी खोटं नाई बोलत. पन सातशे दिवस ज्यानं ताट सरकवलं नाई, तो एका वाटीसाठी उपाशी गेला नसन वयनी."

विजयमालाबाईंनी पळी पातेल्यात सोडली आणि सगळ्यांदेखत, पदर तोंडाला न लावता, मोठ्याने रडल्या. हरीओम उठायला लागला तसं ललिताबाईंनी त्याला हाताने खाली बसवलं. त्यांनी जावेला पोटभर रडू दिलं. मग तव्यावरची दुसरी भाकर पत्रावळीवर घातली, भाजी वाढली, आणि ते पान विजयमालाबाईंच्या पुढ्यात सरकवलं.

"जेवा, जाऊबाई," त्या म्हणाल्या. "सकाऊनपासून तुमीबी उपाशीच हाये."